दुबू आणि मुक तेव्हा तलावावर होती

२६ ऑक्टोबर

काल सफरचंदं काढताना शेजारचे ब्योनकाका शिडीवरून पडले, आणि माझं सगळं तिथेच फिरलं! खुबा मोडलाय. अँब्युलन्समध्ये चढवताना सगळ्यांदेखत म्हणाले, "पाय घसरला." आज दवाखान्यातून निरोप: "त्या पोराची कुत्री शिडीवर धावून आली!"

माझी कुत्री! दुबू आणि मुक तेव्हा तलावावर होती. माझ्याबरोबर. आणि हेयॉनबरोबर. ब्योनकाकांच्याच मुलीबरोबर — बोंबला!

२७ ऑक्टोबर

हेयॉनला गोदामामागे गाठलं. "कुठे बोलू नकोस ना! बाबा मला सोल शहरात मावशीकडे धाडतील." माझं मनगट घट्ट धरलं होतं तिने.

नाही बोलणार. जीव गेला तरी.

२९ ऑक्टोबर

आईने घात केला. रसाच्या बाटल्यांचा खोका घेऊन दवाखान्यात गेली. दोन्ही हातांनी पुढे केला, कमरेत वाकली. "आमच्यामुळे तुम्हाला केवढा त्रास!"

"आपल्यामुळे कुठे?" ती घरी आल्यावर मी ओरडलो.

"शेजारी खाटेवर पडलाय नि मी ताठ उभी राहू? तसं म्हणायचंच असतं."

म्हणायचंच असतं! तिकडे काकांनी लगेच अख्ख्या खोलीला ऐकवलं होतं, "बघा, कबूल केलं!" रस मात्र प्यायले. आता सगळा गाव त्यांच्या बाजूने.

१ नोव्हेंबर

गावप्रमुख आले. कुत्री गावाबाहेर घालवा, म्हणजे काका पोलिसांत जाणार नाहीत. वर मला, "कॉलेज नाही झेपलं, निदान कुत्री तरी सांभाळायचीस!"

आई म्हणाली, "अरे, तुझ्याबरोबरच होती ना ती? कुठे होतात, सांग की!"

मी भिंतीकडे बघत बसलो.

२ नोव्हेंबर

मामा कुत्री न्यायला ट्रक घेऊन आला. मुक उडी मारून चढला, बिनडोक. त्याला वाटलं, फिरायला! दुबू फाटकात पाय रोवून बसली. मीच उचलून चढवली. तिने माझा हात चाटला.

३ नोव्हेंबर

जेवलो नाही.

५ नोव्हेंबर

आत्ता हेयॉन आली होती. हातात बॅग. सोलला चालली.

"पण मी तर कुणाला बोललो नाही!"

"मी बोलले. पहिल्याच दिवशी, दवाखान्यात. बाबांनी विचारलं, मी पडलो तेव्हा तू कुठे होतीस? सांगितलं. मग म्हणाले, मी त्या पोराच्या कुत्र्यांवर आळ घालतो. तू गप्प राहिलीस तर धाडणार नाही." नाक पुसलं. "तरी धाडतायत."

म्हणजे काकांना ठाऊक. तिलाही ठाऊक. फसलो फक्त मी — आणि ती दोन मुकी जनावरं.

हेयॉन अजून फाटकापाशी उभी आहे. कुत्र्यांचे दोन्ही पट्टे खिशात घातले. मामाच्या गावाची बस गाठायचीय.

निघालो. वही मिटतो, दार ओढून घेतो.