मास्टर रिंगचं पूजन

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
कारखान्यात पूजन. ग्राइंडिंग मशीनला हार ज्ञानूने घातला. तो ऑपरेटर, तिथपर्यंत ठीक. क्वालिटी रूमची पूजा मात्र मी स्वतः केली. तिथे दुसऱ्याने हात लावलेला मला चालत नाही. माप घेणाऱ्या नव्या सेन्सर गेजला नुसतं टिकलीएवढं कुंकू. मास्टर रिंगला आतून-बाहेरून, ओलं, बोटाने गोल फिरवून. भक्ती वरवरची नसावी.
मालक गणपतराव म्हणाले, धैर्यशील, पुण्याची ऑर्डर तक्रार न येता पार पडली तर क्वालिटी हेड तुम्ही. नाहीतर स्टोअरला बसवतो. हसत म्हणाले. मालक हसत बोलतात तेच खरं करतात.
संकल्प: दिवाळीपर्यंत चिडायचं नाही. तांबडा रस्सा फक्त रविवारी.

३ ऑक्टोबर, सकाळ
संयोगिताने विचारलं, तुम्ही दिवसभर नक्की करता काय. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर सुचलं. समजावलं: बेअरिंगची रिंग शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, चढते. तिचं भोक केसाच्या दहाव्या हिश्श्यानेही चुकून चालत नाही. मास्टर रिंग म्हणजे तंतोतंत मापाची रिंग. रोज सकाळी सेन्सर तिच्यात घालायचा, स्क्रीनवर शून्य करायचं आणि त्या शून्यावरून दिवसभर माल मोजायचा. तिने विचारलं, आणि ती रिंगच चुकली तर? अडाणी प्रश्न.

त्याच दिवशी, संध्याकाळ
सगळा माल रिजेक्ट. भोक मोठं. प्रत्येक रिंगचं, सारखंच मोठं.

४ ऑक्टोबर
उष्णतेचा दोष. एसी वीसवर. दिवसभर स्वेटर घालून मोजलं. माल रिजेक्ट, मला सर्दी.

६ ऑक्टोबर
हायवेवरच्या ट्रकांचे हादरे. गेजखाली रबर घातलं. रिजेक्ट. सगळ्यांचे मोबाइल बाहेर ठेवायला लावले. रिजेक्ट. मालक काचेतून बघून गेले.
जेवण गेलं नाही. रस्सा घेतला, पण औषध म्हणून.

७ ऑक्टोबर
ज्ञानूला बोलावलं. आता त्याच्याशिवाय कारणच उरलेलं नाही. म्हणाला, लगीन व्हायच्या आधीपासनं ह्याच मशीनवर हाय की मी, साहेब. मशीन तीच, हात त्योच. मी त्याला स्क्रीन दाखवली. त्याने पाच-सहा रिंगा पुन्हा घालून बघितल्या. मग मशीनकडे परत गेला.
रिजेक्ट माल कापून फाउंड्रीत वितळवायला पाठवला. कुणी चुकून चांगल्यात मिसळायला नको. मी आहे म्हणून एवढी शिस्त आहे.
ज्ञानूला सांगितलं, उद्यापासून भोक लहान ठेव. किती, ते मी सांगतो.

९ ऑक्टोबर
एकही रिंग रिजेक्ट नाही! स्क्रीन हिरवीगार. मालकांनी पाठीवर थाप मारली. मास्टर रिंगवरचं कुंकू पुढच्या खंडेनवमीपर्यंत पुसायचं नाही असं ठरवलं. लाभलंय.
ज्ञानूनेही स्क्रीन बघितली. म्हणाला, म्हंजे माझाच हात चुकत हुता की. मी म्हणालो, मनाला लावून घेऊ नकोस, वयानं होतं असं. चांगलं बोललो. आपण माणसं सांभाळून घेतो.

११ ऑक्टोबर
ज्ञानू शाहूपुरीत डोळे तपासून आला. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. ज्ञानूचा डॉक्टरवर विश्वास नाही. मला पॅकिंगला घाला म्हणून स्वतःच मागे लागला. मी शिफारस केली. दोन मिनिटांत मंजूर.

१५ ऑक्टोबर
माल पुण्याला रवाना. ट्रकला नारळ मी फोडला.

१७ ऑक्टोबर
ज्ञानूने नोकरी सोडली. पॅकिंगला जीव रमत नाही म्हणे. गारगोटीजवळ गावी दोन म्हशी आहेत, त्या बघणार. निरोपाचं भाषण मी केलं. माणसाने वेळेवर थांबावं, या विषयावर. टाळ्या पडल्या. ज्ञानूनेही वाजवल्या.

२७ ऑक्टोबर
पुण्याहून तिथल्या इंजिनिअर अदिती मॅडमचा फोन. रिंगा शाफ्टवर चढत नाहीत, एकसुद्धा. मी म्हणालो, शाफ्ट मोजा. म्हणाल्या, मोजले, आणि मी येते आहे.
संकल्प: घाबरायचं नाही. येणारी बाई आहे, वाघ नव्हे.

३० ऑक्टोबर
वाघ परवडला असता.
मॅडमनी त्यांची मास्टर रिंग आणली होती. आमच्या सेन्सरने ती मोजली तर ती रिजेक्ट. मग आमची मागितली. पांढऱ्या कापडाने आतून पुसली. कापड लाल. विचारलं, हे काय? मी म्हणालो, गंजू नये म्हणून लावतो. त्यांनी वास घेतला. म्हणाल्या, या थराने हिचं भोक लहान झालंय, तुमचं शून्यच चुकलंय.
नव्याने शून्य केलं. पुण्याला गेलेल्या मालातल्या इथे उरलेल्या रिंगा मोजल्या, सगळ्यांचं भोक लहान. मग ज्ञानूच्या मशीनमागे दोन जुन्या रिंगा सापडल्या, रिजेक्ट म्हणून कापायच्या राहिलेल्या. मोजल्या. दोन्ही बिनचूक. बाकीच्या वितळल्या. त्याही बिनचूक असणार.
ऑर्डर थांबवली. मालकांना मॅडमनी एवढंच सांगितलं, कारण लेखी रिपोर्टमध्ये येईल, आठवडाभरात. मालकांनी ओरडून विचारलं, मशीनवर कोण होतं. मी म्हणालो, ज्ञानू. खोटं नाही, तोच होता. मालक म्हणाले, गेला ते बरं झालं.
रडू आलं. बाथरूममध्ये नळ सोडून उरकून घेतलं.
संकल्प: रविवारी गारगोटी. ज्ञानूला सगळं सांगायचं, पाया पडायचं, परत आणायचं. मग मालकांना. रिपोर्ट येण्याआधी.

२ नोव्हेंबर, रविवार
गाडीवरून गेलो. वाटेत सगळं तोंडपाठ केलं होतं. ज्ञानूने घोंगडं अंथरलं. त्याच्या बायकोने, बनाबाईंनी, चहा ठेवला. मी म्हणालो, ज्ञानू, एक सांगायचं होतं. तो म्हणाला, आधी हिला जरा समजावा साहेब, तुमचं ऐकंल.
झालं होतं असं की, गावच्या डेअरीत नवीन मशीन आलंय. त्यात ह्यांच्या दुधाला फॅट कमी दाखवतं. बनाबाई म्हणत होत्या, आमच्या म्हशीचं दूध दाट हाय, साऱ्या गावाला ठावं हाय, मशीनच बिघडलंय, मी भांडणार. ज्ञानू त्यांना गप्प करत होता. म्हणाला, अगं, मला बी असंच वाटत हुतं. माझा हात चुकत हुता, पर मला कळंना. साहेबांनी दाखवलं म्हनून कळलं. मोजायचं मशीन कशाला खोटं बोलंल? व्हय की न्हाय, साहेब?
दोघं माझ्याकडे बघत होती. चहा उतू गेला तरी बनाबाई उठल्या नाहीत.
मी म्हणालो, म्हशीचा खुराक बदलून बघा.