बैलजोडी आणि चौथा पर्याय

कोंढा, ९ जानेवारी १९८३
शकुनने बँकेच्या परीक्षेचं गाइड आणलं. पोरीला झेपेल का बघावं म्हणून आधी मीच बसलो. अ हा ब पेक्षा मोठा, क हा ब पेक्षा मोठा. तर अ आणि क मध्ये मोठा कोण? अर्थात अ. पहिला मान त्याचाच. गाइडात उत्तर चौथा पर्याय: 'सांगता येत नाही.' छपाईची चूक. चहाच्या टपरीपासून स्वतःच्या राइस मिलपर्यंत आलो, उभ्या जन्मात 'सांगता येत नाही' असं बोललो नाही.
परीक्षेला नागपूरला जायचं काम नाही म्हणालो. पोरीचं डोकं माझ्यावर गेलंय, सासरी कामी येईल. बायको, चंद्रभागा, चुलीपुढून म्हणाली, "तुमच्यावर नाही गेलं म्हून तर फारम भरून राहिली."

१४ जानेवारी
आपले कान तिखट. मिलवर ऐकलं, सुखरामच्या बैलजोडीने पटात, बैलांच्या शर्यतीत, तुलारामची जोडी हरवली. तुलारामची तर मीही हरवली आहे! म्हणजे सुखराम माझ्या मागे. उघड आहे. शकुन म्हणाली, "बाबा, यातून काहीच नाही ठरत." तुझं गाइड बैलांना लागू नाही म्हणालो. चारचौघांत पैज लावली: येत्या पटात सुखराम माझ्याकडून हरला तर शकुनने नागपूरचं नाव काढायचं नाही. मी हरलो तर स्वतः नेऊन पोचवीन. (प्रश्नच नाही.)

२१ जानेवारी
संकल्प: बैलांना रोज कणीक-गूळ. जोडी हाकणारा सोमाजी म्हणतो, "भाऊ, हे धावतीन का झोपतीन?" अडाणी.

३० जानेवारी, दुपार
हरलो. वारा उलटा होता. सुखरामच्या बैलांनाही तोच होता, असं शकुनचं म्हणणं. माझा डावा बैल अर्ध्यात थांबून लोकांकडे बघत राहिला. लोकही त्याच्याकडेच. सुखरामने पान दिलं. "इश्वरभाऊ, पोरीले कोनत्या गाडीनं नेता?"

६ फेब्रुवारी, नागपूर
परीक्षा केंद्राबाहेर चिंचेखाली तीन चहा. शकुन बाहेर आली. तोच प्रश्न आला होता म्हणे! आनंदाने विचारलं, काय लिहिलंस? चौथा पर्याय. गेली परीक्षा. एसटीत मनातल्या मनात मांडव घातला.

१८ जून, संध्याकाळ
शकुन पास. बँकेत लागणार. सुखराम पेढे खायला आला आणि सगळ्यांदेखत विचारता झाला, "भाऊ, हुशार कोन? तुमी का पोरगी?" चंद्रभागा परातीवरून बघत होती. मीही आता गाइड पचवलंय. शांतपणे म्हणालो, सांगता येत नाही.
शकुनने माझ्या हातावर पेढा ठेवला. "बाबा, याचं येते सांगता."