ताई, नाशिकच्या डॉक्टरांना आधी तुझं काम सांग

मडगाव, रविवार

लाडक्या ताईला घट्ट मिठी, दाजींना नमस्कार.

मी मजेत आहे. इथे एका खानावळीत मासे साफ करते, खात मात्र अजून नाही. मांजरं खूश आहेत. तुझी पिंकी शाळेत जाते ना?

मालकीण साधनाताईंचीही कॅन्सरमुळे एका बाजूची छाती काढली होती, मग त्यांनी नवी करून घेतली. म्हणून तुझं सांगितलं, की डॉक्टर पोटाचं मांस घेऊन नवी करू म्हणतात.

"बहीण काम काय करते गं?"

"झेंडूची तोडणी. कमरेला फुलांची ओटी बांधून दिवसभर."

"अगं, मग हे डॉक्टरांना आधी सांगू दे! पोटावर टाके पडले की बरेच आठवडे वजन उचलायचं नाही. आणि दिसायला छान होते, पण स्पर्श पहिल्यासारखा कळत नाही. मला कुणी बोललंच नव्हतं. लय रडले."

घाई नाही, पुढेही करता येतं म्हणे.

ताई, सासूबाई 'आता कशाला' म्हणतात, दाजी 'करून टाक' म्हणतात, हे तू लिहिलंस. तुला काय हवंय, ते चार पानांत कुठेच नाही. तेवढं कळव. करायचं म्हणालीस तर दसऱ्याच्या तोडणीला मी येते. नको म्हणालीस तरी येते.

तुझीच, एका जागी न टिकणारी,
वेदू