कपाळाला न लागलेला हात

ग्लासगो
सोमवार, ११ नोव्हेंबर १८६७
सकाळचे साडेसहा; लापशी चुलीवर ठेवून लिहायला बसलो आहे.

ती. सौ. एफीताईस,
कॉलिनचा शि. सा. न. वि. वि.

इकडे ठीक. खोकला कमी आहे. शहरातले डिटेक्टिव्ह नुसते चिरूट ओढतात का, असं तू विचारलं होतंस. तर ऐक. तंबाखूचे व्यापारी लॉकहार्ट स्वतःच्या स्वयंपाकघरात डोकं फुटलेले सापडले. दाराला आतून कडी होती, म्हणजे घरातलंच कोणीतरी. आमच्या मकेलर साहेबांनी सगळ्यांना फैलावर घेतलं, पण हाती काही लागलं नाही.

पुरायला नेण्याआधी घरचे रीतीप्रमाणे मयताच्या कपाळाला हात लावत होते, मेलेला स्वप्नात येऊ नये म्हणून. मुलगा ह्यू रडला, स्वयंपाकीणबाई रडल्या. मोलकरीण मेसी मात्र हात पाठीमागे धरून उभी राहिली. आपल्याच फाइफकडची पोर. मी हळूच साहेबांच्या कानाला लागलो. त्यांनी तिला दरडावून सांगितलं, तरी ती जागची हलली नाही. मारेकऱ्याचा हात लागला की मयताला रक्त फुटतं, असं जुनी माणसं म्हणतात. साहेबांनी तिथेच बेड्या घातल्या आणि मला म्हणाले, की पोरा, नशीब काढलंस. बढती मिळेलसं दिसतं.

बाबांना नमस्कार. तुझी माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
कॉलिन


फाइफ, १५ नोव्हेंबर

चि. कॉलिनास एफीचे अ. उ. आ.

तुझ्या बढतीचं बाबा गावभर सांगत सुटलेत. पण गाढवा, पोटुशी बाई मयताला हात लावत नाही, लावला तर मूल मेलेलं जन्मतं, हे तुला कोणी सांगितलं नाही का? कोण सांगणार म्हणा, बायकांच्या गोष्टी तुम्हा पुरुषांच्या कानावर घालतं कोण. परवा सासूबाई गेल्या, तेव्हा मीही तशीच हात मागे धरून उभी होते. तू मामा होणार आहेस, ही बातमी मला अशी द्यायची नव्हती.

त्या पोरीचं लग्न झालेलं नाही, म्हणून ती तोंड उघडत नसेल. आत्ताच्या आत्ता साहेबांना सांग. नाहीतर इकडे तोंड दाखवायला येऊ नकोस.
एफी


ग्लासगो, १० जानेवारी १८६८

ती. सौ. ताईस सा. न.

तुझं पत्र येताच मी साहेबांकडे धावलो होतो. त्यांनी दाईकडून मेसीला तपासून घेतलं. तू म्हणालीस तसंच निघालं. मूल ह्यूचं, असं ती म्हणाली. ह्यूने कानावर हात ठेवले. साहेब मात्र खूश झाले. म्हणाले, पोरीने मालकाला का मारावं एवढंच अडलं होतं, ते तू आणून दिलंस. म्हाताऱ्याला कळलं असणार, तो तिला घराबाहेर काढणार असणार. मी म्हटलं, साहेब, हात लावला नाही हाच तर पुरावा होता, तो गेला. ते म्हणाले, गेला, आणि त्याहून चांगला आला.

कोर्टात मलाच शपथेवर उभं केलं. काल निकाल झाला. पोट आहे म्हणून फाशी बाळंतपणापर्यंत थांबेल.

कोठडीपाशी मेसीने मला विचारलं, की माझ्या पोटाचं तुम्हाला कोणी सांगितलं? मी तुझं नाव घेतलं.  ती म्हणाली, त्यांना रीत ठाऊक आहे, तर मूल त्याच सांभाळतील का, एवढं विचारा.

ताई, तिला काय कळवू? माया असू दे, असं लिहायचा आज धीर होत नाही.
कॉलिन