टेलाला न पोचलेले फोटो

तात्या, आज सकाळी धाकटीचा इंदापूरहून फोन आला. “दादा, तुझ्या त्या सर्व्हरवरनं तात्यांचं फोटो लई सावकाश येत्यात. काल लावलेलं अजून निम्मं बी न्हाय. रविवारी वास्तुशांत हाय, फ्रेम कवा करायची?” तुम्ही गेल्यावर, तुम्ही कालव्यावर पाटकरी होतात तेव्हाचे सगळे फोटो मी स्कॅन करून सांगवीच्या घरातल्या सर्व्हरवर ठेवलेत, आम्हा दोघांना कुठूनही उतरवून घेता यावेत म्हणून. “बघतो,” म्हणालो आणि चहा घेऊन बसलो.

शेवटच्या शेताला पाणी पोचलं नाही की तुम्ही टेलापासून, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकापासून, उलटे चालत यायचात, पाणी सोडायचं एकेक दार तपासत. वरून का नाही, असं मी एकदा जेवताना विचारलं होतं. “वरच्याला वाटतं आपलं दार बरूबर हाय. त्यो तिकडं बघतच न्हाय,” तुम्ही म्हणालात. मीही तसाच निघालो. धाकटीला तिच्या फोनवर नेटवरचा सिनेमा लावायला सांगितला, तो न अडकता चालला. म्हणजे टेल ठीक. इथली वायर बदलली, राउटर बंद करून चालू केला. पुण्यातल्या मित्राला एक मोठी फाइल उतरवायला लावली, ती चहा संपायच्या आत त्याच्याकडे गेली. डिस्कही ठणठणीत. उरलं फक्त धाकटीचं खातं. ते उघडलं, तर तिच्या वेगाला लिमिट लावलेलं. लावणारा मीच.

विसरलो होतो असं तिला सांगता येईल, तुम्हाला नाही. स्कॅन करताना पाहिलं ना मी, प्रत्येक फोटोत तीच आहे. मोटारसायकलच्या टाकीवर ती, पाण्याच्या चारीच्या कडेला ती, तुमची टोपी घातलेली ती. मी एकाही फोटोत नाही. तुमच्याबरोबर यायला मी चपला घालून घराच्या दारात उभा असायचो आणि तुम्ही म्हणायचात, “तू गणितं कर. तुझं डोकं तिकडं चालतं.” डोकं चाललं, तात्या, त्याचंच खातोय. पण पन्नाशी ओलांडली तरी त्या टाकीवरची तिची जागा मला सलते. एक फोटो तर कुणीतरी तुमचा आणि तिचा काढलेला आहे. कालव्याच्या दाराच्या चाकावर तिचे हात आणि वर तुमचे. तो स्कॅन झाला त्याच दुपारी मी लिमिट लावलं.

आज काढलं. अर्ध्या तासात तिचा फोन आला. “आता कसं धो धो आलं. काय झालतं रं?”

“वायर ढिली होती,” मी म्हणालो.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, तिला तर नाहीच. लिमिट काढण्याआधी चाकावरचा तो फोटो मी तिच्या फोल्डरमधून बाजूला काढून घेतला. ती मागेल तेव्हा देईन. तोवर तिचे हात अंगठ्याने झाकून बघतोय.