पायाखालची जमीन, दुरुस्तीसह

३ नोव्हेंबर, सोमवार

दुरुस्ती. काल मी लिहिलं की आत्या फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "पंधरा तारखेला भूकंप होणार." हे तिचे शब्द नाहीत. तिचे शब्द असे: "पंधरा तारखेला घरातल्या सगळ्यांच्या पायाखालची जमीन सरकणार आहे बघ. पण आत्ताच कुणाला बोलू नकोस."

अर्थ एकच. तरी शब्द तिचेच लिहायला हवेत. चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही, शाळेचं नाव काढलं की मला उलटी व्हायची. आत्यानेच घरी शिकवलं. तिचा पहिला नियम, ऐकलं तेच लिहायचं, पदरचं घालायचं नाही. मी इतकं खोडायचे की तिने मला खोडरबर नाव ठेवलं. अजून त्याच नावाने हाक मारते.

एक गोष्ट आधीच लिहून ठेवते. माझा भविष्यावर विश्वास नाही.

४ नोव्हेंबर

पण मग पुराचं काय?

तीन वर्षांपूर्वी आत्या जिन्यात उभी राहून म्हणाली होती, "बादल्या भरून ठेवू नका, उद्या पाणी येणार." दुसऱ्या दिवशी तळमजल्यावर गुडघाभर पाणी. आत्या अजून सगळ्यांना सांगते की अहो, मी नळाच्या पाण्याबद्दल बोलत होते. तळमजल्यावरच्या काकूंना ते पटत नाही. त्यांचा फ्रिज तरंगला होता. तेव्हापासून त्या आत्याला विचारल्याशिवाय प्रवासाला निघत नाहीत.

मी यावर नेहमी हसते. आज हसू आलं नाही.

दुपारी मी कामाला जाते त्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून फोनवर बघितलं. एक बाई आहेत, डोळे मिटून बोलतात. म्हणतात, नोव्हेंबरच्या मध्यावर मोठी उलथापालथ दिसतेय. खाली लोकांनी हात जोडलेत. मी जोडले नाहीत. फक्त व्हिडिओ सेव्ह केला. माहिती असावी म्हणून.

५ नोव्हेंबर

शास्त्रीय मत घेतलं. बाजूच्या बिल्डिंगमधले भूगोलाचे सर जिन्यात भेटले. रिटायर झालेत. हल्ली आमच्या जिन्यात बरेचदा भेटतात, आत्याची पुस्तकं परत करायला येतात. वाचनाचा वेग दांडगा आहे.

मी विचारलं, भूकंप आधी कळतो का? सर म्हणाले, कुठे होऊ शकतो ते सांगता येतं. पण अमुक तारखेला होणार असं सांगणारा माणूस एकतर थापाड्या, नाहीतर स्वतःच फसलेला. मग म्हणाले, का, कोणी सांगितलं? मी म्हटलं, कोणी नाही.

निष्कर्ष: "होणारच नाही" असं सर म्हणाले नाहीत.

७ नोव्हेंबर

आत्याला सरळ विचारणं शक्य नाही. मी दाराआडून ऐकलं हे कळेल. म्हणून आडून विचारलं. "आत्या, पंधराला काही आहे का गं?"

तिच्या हातातली वाटी सिंकमध्ये पडली. चेहरा लाल. म्हणाली, "तुला कोण बोललं?" मी म्हटलं, कोणी नाही, सहजच. मग ती हात पुसत खिडकीशी गेली आणि हळूच म्हणाली, "पंधराला संध्याकाळी सात वाजता सगळे घरातच असा, एवढंच. त्या वेळी सगळी माणसं एकत्र असावीत असं वाटतं मला."

घरातच! एकत्र! आणि चेहऱ्यावर एवढी शांती!

मला दोन घास गेले नाहीत. आई म्हणाली, डाएट वगैरे आहे का?

८ नोव्हेंबर

संकल्प: कुणालाही सांगायचं नाही. आत्याने तसं सांगितलंय (मला नाही, मैत्रिणीला, पण तत्त्व तेच). स्वतःपुरती खबरदारी घ्यायची. खबरदारी म्हणजे विश्वास नव्हे. छत्री नेणाऱ्याला कोणी अंधश्रद्ध म्हणत नाही.

आमचं दुकान काचसामानाचं. वरच्या फळीवर डिनर सेट, मधल्या फळीवर ग्लास, खाली बरण्या. डस्टिंगच्या निमित्ताने वरचं सगळं उतरवून जमिनीवर मांडलं. आता पडलं तरी पडायला जागा नाही. समाधान वाटलं.

९ नोव्हेंबर

मालक फोनवर बोलत मागे मागे सरकले आणि बशांच्या रांगेत बसले. पॅकिंग करणारा, ज्याला आम्ही लंबू म्हणतो, म्हणाला, "साहेब, उठू नका, आधी मी बाकीच्या बाजूला करतो." मालकांनी मला विचारलं, ही अक्कल कुणाची? मला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, आमच्या आत्याचा अंदाज आहे. मालक चिडणार असं वाटलं होतं. त्यांनी फोन बंद केला. मग म्हणाले, "पुराच्या वेळी बोलल्या होत्या त्याच ना? नक्की किती तारीख?"

संकल्प मोडला असं मी मानत नाही. थेट प्रश्नाला उत्तर दिलं.

१० नोव्हेंबर

काकूंना सांगितलं. तळमजला सगळ्यात आधी दबतो, त्यांना न सांगणं म्हणजे पाप. फक्त तुम्हाला सांगतेय, असं तीनदा बजावलं. त्यांनी गळ्याची शपथ घेतली.

१२ नोव्हेंबर

दूध टाकणाऱ्याने विचारलं, पंधराला संध्याकाळचं दूध टाकू की नको? भूकंपाचं कळलं म्हणाला.

गळ्याची शपथ!

विशेष म्हणजे फक्त आमच्या घरात कुणाला पत्ता नाही. आमच्या घरच्यांसमोर लोक विषयच काढत नाहीत. आत्याला जिन्यात जरा जास्तच वाकून नमस्कार होतोय. ती म्हणाली, "हे लोक अचानक इतके सभ्य कसे झाले गं?"

१३ नोव्हेंबर

आज सगळ्यांना सांगून टाकणार होते की ऐकण्यात माझी चूक झाली असू शकते. पण चूक झालीच नसेल तर? मी सांगितलं, लोक घरात थांबले आणि छत कोसळलं तर जबाबदार कोण? मीच. म्हणून नाही सांगितलं. उलट काकूंनी विचारलं त्या वेळी काय करायचं, तर नेटवर वाचलेलं सांगितलं: लिफ्ट वापरायची नाही, सगळ्यांनी जिन्यानेच उतरायचं. हा सल्ला शास्त्रीय आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी ४

सगळी बिल्डिंग खाली उतरतेय. चटया, पाण्याचे कॅन, एकीने तर शिलाई मशीन उतरवलं. आईबाबांना मी म्हटलं, खाली सगळे जमलेत, आपण नाही गेलो तर वाईट दिसेल. बाबा म्हणाले, कार्यक्रम कसला? मी म्हटलं, सरप्राईज आहे.

आत्या तेवढी यायला तयार नाही. टेबलावर चांगल्या बशा मांडतेय. भूकंपाच्या दिवशी! मी तिचा हात धरला, मला रडू आलं. मला रडताना बघून ती आली.

हेल्मेट घालून जातेय.

१५ नोव्हेंबर, रात्री ९

लिहावंसं वाटत नाही. पण ऐकलं तेच लिहायचं.

पावणेसातला सेक्रेटरी आत्याजवळ आले, हात मागे बांधून, म्हणाले, "आत्याबाई, सातलाच ना? की थोडं मागेपुढे?" आत्या म्हणाली, "काय सातला?" ते म्हणाले, "भूकंप."

आत्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं. मग चटयांकडे, शिलाई मशीनकडे. मग माझ्या हेल्मेटकडे. हेल्मेटवर तिची नजर थांबली आणि तिला सगळं कळलं, हे मला दिसलं.

तेवढ्यात फाटकातून सर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फुलं. विचारलं, हे काय चाललंय? पाचव्या मजल्यावरचे काका म्हणाले, "बसा सर, बाईंनी भूकंप सांगितलाय." सर मोठ्याने हसले. म्हणाले, "कोण ही थापाडी बाई?"

सगळ्यांनी आत्याकडे बोट दाखवलं.

सरांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, कोणीतरी काढायला विसरल्यासारखं.

आत्या उभी राहिली. म्हणाली, "माझंच बोलणं काहीतरी वेडंवाकडं निघालं असेल. भूकंप वगैरे काही नाही, घरी जा." मग बाबांकडे वळली. "दादा, वर जेवताना सांगणार होते. मी आणि सर लग्न करतोय. तुमच्या पायाखालची जमीन सरकेल म्हटलं होतं, ती ही."

बाबा चटईवर बसले. बसलेच. म्हणाले, "कधीपासून?" आई म्हणाली, "मला वाटलंच होतं, इतकी पुस्तकं कोण वाचतं." आणि मागून काकूंचा आवाज आला, खूप नाराज: "म्हणजे भूकंप नाहीच का?"

आत्याने माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर मी तिथेच बोलले असते.

दुरुस्ती. नसते बोलले.

१६ नोव्हेंबर

तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा काल उतरताना जिन्यात पडले होते. मनगट मोडलंय. एरवी ते लिफ्टनेच येतात-जातात.

शास्त्रीय सल्ला.

१८ नोव्हेंबर

जिन्यात आता आत्याला कोणी वाकून नमस्कार करत नाही. काकूंनी मोठ्याने, दार उघडं ठेवून, "भोंदूपणा" हा शब्द वापरला. मालक म्हणाले, "तुझ्या आत्याने माझ्या बशा फोडल्या." लंबू म्हणाला, "साहेब, बसला होतात तुम्ही." त्याच्याइतकी हिंमत माझ्यात नाही.

आज आत्याला सांगणार होते. पण तिचं डोकं दुखत होतं. दुखऱ्या डोक्याच्या माणसाला नवीन काही सांगू नये.

२० नोव्हेंबर

व्हिडिओवाल्या बाईंनी खुलासा केला. त्यांना दिसलेली उलथापालथ "मनातल्या भूकंपाची" होती म्हणे. कसली निर्लज्ज पळवाट! चूक झाली म्हणायला काय जातं?

हे लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

२२ नोव्हेंबर

सर आले होते. मी आतल्या खोलीत होते (ऐकत नव्हते, ऐकू येत होतं). त्यांच्या बहिणीचं म्हणणं, लग्न पुढे ढकला. लोकांना घाबरवून म्हाताऱ्याचा हात मोडणारी बाई घरात आणायची म्हणजे काय? सरांचे जुने विद्यार्थी रस्त्यात विचारतात, "सर, यापुढे भूगोल बाईच घेणार का?" सर म्हणाले, मी चेष्टा सहन करीन, पण तू हे बोललीस कशाला ते तरी सांग. आत्या म्हणाली, "तोंडातून गेलं."

तिला एका वाक्यात सुटता आलं असतं. ते वाक्य मीच आहे.

संकल्प: उद्या सांगणार.

२३ नोव्हेंबर

रविवार. रविवारी सगळे घरी असतात. बोलायला निवांतपणा नाही.

२५ नोव्हेंबर

मंगळवार. सगळे कामावर. सांगायला घरी कोणीच नाही.

२७ नोव्हेंबर

नोटीस लागली. रविवारी संध्याकाळी पाच वाजता मीटिंग. आत्याने सर्वांसमोर माफी मागायची. सरांची बहीणही येणार आहे, बघायला. बाबा म्हणाले, "जायची काही गरज नाही." आत्या म्हणाली, "जाते रे दादा. कोणीतरी मागायलाच हवी ना, आजोबांचा हात मोडलाय." आणि माझ्या ताटात वाढलं.

मी आजोबांना संत्री नेऊन दिली. त्यांनी डाव्या हाताने माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "गुणी आहेस. आत्यावर गेली नाहीस."

संत्री तिथे ठेवून जिन्यात येऊन बसले.

२८ नोव्हेंबर

खूप विचार केला आणि ठरवलं. भर मीटिंगमध्ये बोललं तर गोंधळ होईल, आत्यालाच त्रास होईल. त्यापेक्षा मीटिंग होऊन जाऊ दे, लोक शांत झाले की दुसऱ्या दिवशी घरोघरी जाऊन एकेकाला नीट समजावून सांगीन. आधी आजोबा, मग सरांची बहीण, मग काकू. दिवस नक्की केला: ३१ नोव्हेंबर. यात बदल नाही. मन हलकं झालं. पहिल्यांदाच नीट जेवले.

३० नोव्हेंबर, रविवार, सकाळी

आत्या मीटिंगच्या कपड्यांना इस्त्री करत होती. मी बाजूला बसले होते. न राहवून म्हटलं, आत्या, काळजी करू नकोस, एकतीसला सगळं ठीक होईल.

तिने इस्त्री उभी केली. म्हणाली, "मूठ दाखव, खोडरबर."

मी मूठ पुढे केली. लहानपणी शिकवलं होतं तसं तिने बोटाने हाडांवरून महिने मोजले. जानेवारी उंचवटा, फेब्रुवारी खड्डा. नोव्हेंबरला बोट खड्ड्यात गेलं.

"खड्डा आला की?"

मी म्हटलं, तीस.

"मग एकतीसला काय आहे?"

मी म्हटलं, काही नाही. तिने माझी मूठ क्षणभर आपल्या हातात धरली, सोडली, आणि परत कॉलरवर इस्त्री फिरवू लागली. कॉलर आधीच कडक झाली होती.

मी दारामागे जाऊन स्वतःच पुन्हा मोजलं. खड्डाच आला.

दुरुस्ती. २८ तारखेच्या नोंदीत "३१ नोव्हेंबर" लिहिलं आहे. असा दिवस नाही. "मीटिंग होऊन जाऊ दे" लिहिलं आहे, तेही खोडलं. "आत्यालाच त्रास होईल" हे माझ्या पदरचं होतं. तिथे असं वाचावं: रविवार, ३० नोव्हेंबर, संध्याकाळी पाच, मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, आत्या उठायच्या आधी. म्हणजे आज.