चार मेणबत्त्या आणि एक क्षमा

३० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आजपासून नाताळाआधीचा आगमनकाळ लागला. गायनमंडळात माझ्याकडे ताल धरायचं काम आहे, म्हणून मी पुढच्याच बाकावर होतो. फादर म्हणाले की प्रभू येण्याआधी घर सगळेच झाडतात, मन कोणी झाडत नाही. ते ऐकून मी ठरवलं की चार रविवारी चार मेणबत्त्या लावायच्या आणि प्रत्येक मेणबत्तीला एका माणसाला क्षमा करायची. पहिला मान तुझा.

सहा वर्षांपूर्वी आईच्या दफनाला तू माझ्यासाठी तासभर थांबली नाहीस. हातात फुलं घेऊन मी पोचलो तेव्हा माती लोटून माणसं परत फिरली होती. ते मी विसरू शकलो नाही, म्हणूनच आजवर आलो नाही. पण आज पहिली मेणबत्ती लावली आणि तुला मनापासून क्षमा केली. उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नकोस. बाबांची तब्येत बरी असावी.

लोभ वाढवावा असं लिहायला आता माझी हरकत नाही.
तुझा,
धाकटा

५ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. आ.

तुझी क्षमा पोचली. ठेवू कुठं ती? शिवायला आलेल्या गणवेशांनी कपाट भरलंय. मी ती मागितल्याचंही मला आठवत नाही.

मन झाडायला बसलास आणि केर माझ्या दारात लोटलास, याला तुमच्याकडे तयारी म्हणत असतील तर म्हणोत. इथं बाबा रोज सकाळी उठले की खिडकीपाशी खुर्ची ओढून बसतात. रस्त्यावरून कोणी उंच माणूस गेला की मान पुढे करतात, आणि तो गेला की मला विचारतात की धाकट्याची काही खबर आहे का. त्यांना आता कालचं आज आठवत नाही, पण हा प्रश्न ते विसरत नाहीत. त्यांना तुझ्याशी काही बोलायचं आहे. काय ते मी सांगणार नाही, कारण सांगू नको म्हणाले आहेत.

तेव्हा पुरे झाली ती पत्रातली पुण्याई. निघून ये. मेणबत्त्या इथल्या दुकानातही मिळतात.

लोभाची जबरदस्ती नाही.
ताई

९ डिसेंबर

ताईस,
नमस्कार.

जीभ तुझी तशीच आहे, कात्रीसारखी. दुसरी मेणबत्ती लावताना तुझं पत्र डोळ्यांपुढे होतं, त्यामुळे प्रार्थना जुळली नाही. याचं पापही तुझ्याच माथी.

असा धुमसत घरी आलो तर नाताळाचा अर्थ काय राहिला? म्हणून एकच अट घालतो. त्या दिवशी आईची शवपेटी उचला असं तूच लोकांना सांगितलंस, हे एकदा कागदावर लिहून दे. मग मी त्याच दिवशी निघतो. बाबांना मध्ये घालू नकोस. ते माझ्यासाठी अंधार पडेपर्यंत थांबले असते, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. त्यांच्यासाठी जीव तुटतो, पण तुझा उंबरा आडवा येतो.

कळावे. लोभ उरला असल्यास कळवावा.
धाकटा

१६ डिसेंबर

धाकट्या,

आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही. सहा वर्षं तोंड शिवून बसले होते, आज टाके उसवते.

पेटी उचला असं मी म्हटलं नव्हतं. मी पायरीवर उभी राहून तुझी वाट बघत होते. बाबाच म्हणाले की नका थांबू, धाकटा लोकांची घड्याळं दुरुस्त करतो पण स्वतः कधी वेळेवर येत नाही, तो आता यायचा नाही. रागात होते ते, दुःखात होते. तू आलास, तोंड फिरवून गेलास, आणि त्या रात्रीपासून त्यांना तुझी माफी मागायची होती. आईची शपथ घालून मला गप्प केलं. आपल्या तोंडानंच सांगेन म्हणाले. म्हणून ती खिडकी.

काल दुपारी तुझं अटीचं पत्र घेऊन पोस्टमन आला. नवीन आहे, तुझ्या अंगकाठीचा. बाबांनी त्याचं मनगट धरलं, त्याला धाकट्या म्हणाले आणि सगळं बोलून टाकलं. आईजवळ तुला उभं राहू दिलं नाही, माझं चुकलं, पदरात घे, असं म्हणून रडले. मी मशीनवरून उठून दारापर्यंत आले. त्या परक्या माणसानं एकदा माझ्याकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली, आणि ते केव्हाच विसरलो असं बाबांना म्हणाला. त्यांच्या डोक्यावरून हातही फिरवला.

बाबा पोटभर जेवले. आज सकाळी खिडकीपाशी बसले नाहीत. तुझी खबरही विचारली नाही. जे तुझ्यासाठी सहा वर्षं जपून ठेवलं होतं ते पोस्टमनला देऊन मोकळे झाले. तू बस मन तयार करत.

तू मागितलेली कबुली ती ही.
ताई

२० डिसेंबर

ताई,

वर काय लिहायचं ते सुचत नाही, म्हणून नुसतं ताई.

दोन दिवस मी त्या पोस्टमनवर जळत होतो. मग स्वतःला विचारलं की त्या जागी मी असतो तर काय केलं असतं. मी आधी त्यांना जाब विचारला असता. एवढ्या मेणबत्त्या लावूनही माझ्या तोंडून ते वाक्य निघालं नसतं, आणि तो ते उभ्या उभ्या बोलून गेला. तुला क्षमा करून मी सहा वर्षांचा मोठेपणा मिरवला, तोही चुकीच्या माणसावर. त्याची माफी पत्रातून मागण्याइतका निर्लज्ज नाही.

चौथ्या रविवारी ताल धरायला दुसरा माणूस बघा असं फादरना सांगून आलो. उद्या सकाळच्या गाडीत बसतोय. हे पत्र कदाचित माझ्या मागून पोचेल.

मी कोण ते बाबांना सांगू नकोस. धाकटा आला म्हणालीस तर पुन्हा रडतील, पुन्हा पदर पसरतील, आणि ते त्यांचं करून झालं आहे. विचारलंच तर तुझ्या हाताखाली कामाला माणूस ठेवलाय म्हण. त्यांना उठवीन, अंघोळ घालीन, भरवीन. ते मला कुठल्याही नावानं हाक मारू देत, मी ओ देईन.

लोभ मागत नाही. दार तेवढं उघड.
धाकटा